बिनधुराची लाईन

कारखान्याची बस गेली की घर थोडा वेळ माझं असायचं. माझं आणि माझ्या लेकीचं, विशूचं. बस वळणावर गेअर बदलायची, आवाज बारीक होत आंब्याच्या झाडांपलीकडे मिटायचा, आणि मी विशूला मांडीवर घेऊन नुसती बसायचे. भांडी तशीच, अंथरूण तसंच. त्या दिवशीही तशीच बसले होते. लोटलेलं दार उघडलं आणि हे आत आले. कामावर गेलेला माणूस भर सकाळी दारात उभा. पायांवर धूळ, म्हणजे चालत आलेला. आणि सदऱ्याचा खिसा उलटा होऊन बाहेर लोंबत असलेला, तहानेल्या जनावराच्या जिभेसारखा. मी आधी तो खिसाच पाहिला, चेहरा नंतर. "बस चुकली का?" म्हटलं. "नाही." "बरं नाही वाटत?" "वाटते." माठातलं पाणी घेऊन प्यायले, पेला उपडा ठेवला, आणि घरात मीठ आहे का असं विचारावं तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "घरात माचिसा किती आहेत?"

जवाहरनगरात ज्याची चूल कारखान्यावर चालते त्याला आगपेटीचं काही समजावून सांगावं लागत नाही. आत बारूद आहे. फाटकावर रोज झडती होते, साहेब असो की हमाल, हात वर करून उभं राहायचं. त्यामुळे आमच्या क्वार्टरांच्या लाईनीतल्या सगळ्या पुरुषांना एक सवय जडलेली होती. घरातून निघताना दारात थांबायचं आणि स्वतःच्याच छातीवरून, कमरेवरून हात फिरवायचा. लग्न होऊन मी नवी आले तेव्हा मला वाटलं, ही इकडची देवाला हात जोडायची तऱ्हा असेल. समोरच्या क्वार्टरातले चिंधूभाऊ कानावर बिडी ठेवून निघायचे आणि बस यायच्या आधी बिडी नि माचिस दोन्ही पायरीवरच्या विटेखाली सरकवून द्यायचे. "विटेले तलप लागली तर ओढन बिचारी," म्हणायचे. त्यांची कुणी चेष्टा करत नसे. सगळ्यांच्याच घरी अशी एकेक वीट होती.

यांच्या तोंडून झालं ते तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आलं. आदल्या सांजेला लाईट गेले होते. मी विशूला भरवत होते, यांनी कंदील लावला आणि आगपेटी खिशात टाकली, एवढं मी पाहिलं होतं. सकाळी तोच सदरा अंगात गेला. दारात हात फिरवला तेव्हा विशूने पाय धरला म्हणून की काय, हात खिशापर्यंत गेला नाही. बसमध्ये, फाटक दिसायला लागल्यावर, छातीशी काहीतरी खुळखुळलं. यांनी ती काढली आणि खिडकीतून बाहेर टाकली. एवढंच. कुणी पाहिलं नाही, कुणी विचारलं नाही. झडतीत सापडली असती, चार शब्द ऐकावे लागले असते, आणि जेवायच्या सुट्टीत दोस्तांनी हसून विषय संपवला असता. पण ती सापडलीच नाही. न घडलेल्या गोष्टीला शेवट नसतो. ती यांच्या डोक्यात रोज नव्याने घडायला लागली. खुळखुळलं नसतं तर. दरबानाचा हात घसरला असता तर. मग विचार त्या फेकलेल्या पेटीकडे वळला. ती गवतात पडली का डांबरावर? ऊन लागतं तिथे? मग माझ्याकडे, विशूकडे, तिच्या झबल्याच्या खिशाकडे. झबल्याला खिसा नव्हता. खिसा असावा तिथे हे बोटं फिरवायचे.

पहिल्या आठवड्यात हे कामावर जायचे आणि भर सकाळीच परत यायचे. मग जायचेच नाहीत. दारात उभे राहून स्वतःची झडती घ्यायचे, पुरी झाली की पुन्हा पहिल्यापासून, आणि बस निघून जायची. मग घरातल्या आगपेट्या मोरीत भिजल्या. मग स्टोव्हच्या टाकीतलं घासलेट नालीत गेलं. बुद्धाच्या तसबिरीपुढची मेणबत्ती कपाटावर गेली, तिथून कुठे गेली मला कळलं नाही. यांनी कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. काम करणाऱ्या माणसाच्या काळजीने, एकेक वस्तू बाजूला करत, यांनी घरातली आग संपवली; आणि संपल्यावर थकून भिंतीला टेकून बसले, तेव्हा इतके लहान दिसले की मी विशूला खाली ठेवून यांच्या डोक्यावर हात ठेवला. "वास येऊन राहिला का?" यांनी विचारलं. "कायचा?" "पाह्य ना नीट." मी श्वास घेतला. कसलाच वास नव्हता. शिजणाऱ्या भाताचा नाही, तापणाऱ्या दुधाचा नाही. घराला कसलाच वास नसणं किती भीतीचं असतं हे मला त्या दुपारी समजलं.

माझं माहेर आंबागडचं, किल्ल्याच्या पायथ्याचं. मोह गळायच्या दिवसांत बाबा झाडाखालचा पालापाचोळा जाळायचे, फुलं स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून. हातात हिरवी फांदी घेऊन ते जाळाच्या कडेकडेने फिरायचे, इकडे थोपट, तिकडे थोपट, आणि जाळ पाळलेल्या कुत्र्यासारखा त्यांच्या मागे फिरायचा. आई सांगायची, तिच्या लहानपणी घरचा विस्तव विझला की मागायला जायची सोय नव्हती. वरच्या आळीत उभं राहायचं आणि कुणी बाई दुरून निखारा टाकेल तो खापरात झेलायचा, हातावर पडला तरी हूं की चूं करायचं नाही. नंतर आमच्या माणसांनी धम्म घेतला, आगपेट्या स्वस्त झाल्या, विस्तव कुणाकडे मागायचं कारण उरलं नाही. हे सगळं मला आठवायचं ते विशूची दुधाची पितळी हातात धरून उभी असताना. थंड दूध ती पीत नव्हती. ओठ मिटून माझ्याकडे पाहायची, आपली आई आज हे काय करते आहे, अशा नजरेने.

शेजारच्या बेबीबाईला कळलं ते भिंतीतून. आमच्या दोन स्वयंपाकघरांत एकच भिंत होती. तिची फोडणी मला ऐकू यायची, माझ्या स्टोव्हचा भणभणाट तिला. एका सकाळी ती मागच्या दाराने आली, पदराला हात पुसत. "वो ललिताबाई, तुयाकडून स्टोव्हचा आवाज नाही येऊन राहिला. उपास आहे का लेकराचाबी?" मी हसायला गेले आणि भलतंच झालं. तिने माझ्या हातातून पितळी घेतली, विशूला काखेत मारलं आणि निघून गेली. परत आली तेव्हा विशूच्या वरच्या ओठावर सायीची मिशी होती. "मी कोणाले सांगत नाही," बेबीबाई म्हणाली. सांजेपर्यंत सगळ्या लाईनीला माहीत होतं.

आणि लाईन हलली. बेबीबाईकडून सकाळचं भात-वरण यायचं, समोरून चिंधूभाऊंच्या घरून संध्याकाळचं, मधलं विशूचं दूध निर्मलाबाईंकडे तापायचं. निर्मलाबाई आमच्या महिला मंडळाच्या, वयाने मोठ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचे मिस्टर बाबुलालभाऊ यांच्याच सेक्शनचे. त्यांनी आजारपणाची रजा लावून आणली, यांची सही घ्यायला स्वतः पाटीवर कागद धरून बसले. कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर घरी येऊन गेले. नागपूरला दाखवा म्हणाले, तिथे याचे डॉक्टर आहेत, औषधं आहेत, बरं होतं हे. पण ओढून नेऊ नका, त्याची तयारी होऊ द्या. यांनी ऐकून घेतलं, डॉक्टर चपला घालत असताना त्यांच्या खिशाकडे पाहिलं, आणि ते गेल्यावर म्हणाले, "मले काय झालं? मी तर सगळ्यायले वाचवून राहिलो."

कुणी ठरवलं नव्हतं, पण आगपेटी लाईनीतून दिसेनाशी झाली. या माणसांना ते सोपं होतं, त्यांची जन्माची सवय होती ती. बायका सकाळी सिगडी दाराबाहेर पेटवून धूर निघून जाईपर्यंत तिथेच ठेवायच्या, ती आता मागच्या अंगणात, चादरीच्या आडोशाला पेटायला लागली. चिंधूभाऊंच्या कानावरची बिडी गेली. पुरुष पाण्याच्या टाकीमागे जाऊन ओढायचे आणि तोंडात बडीशेप टाकून परतायचे. आमच्या दारावरून जाताना सगळे आपोआप हळू चालायचे, आणि कुणी जोरात हसलं तर दुसरी तिला कोपर मारायची. समोरून पाहिलं तर आमची लाईन सकाळ-संध्याकाळ कोरी, बिनधुराची उभी असायची, अजून कुणी राहायला न आल्यासारखी.

मी कुणाला नावं ठेवत नाही. त्या भातावर माझं लेकरू वाढलं. पण शेजारणींचं मीठ माझ्या जिभेला रुचेना. बेबीबाईचं वरण आंबटसर, चिंधूभाऊंच्या घरचं तिखटजाळ. माझ्या हातची चव कशी होती ते मी विसरत चालले होते. आमच्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत. मी प्रत्येक भांड्यात मूठभर कच्चे तांदूळ घालून द्यायचे, दुसरं घालणार काय. बेबीबाई ते घ्यायची. शिजलेलं तिने माझ्या हातचं कधी घेतलं असतं का, हा प्रश्न आमच्या दोघींत तीन वर्षं नुसता पडून होता. आता स्टोव्हच नाही म्हटल्यावर तो विचारायचीही गरज राहिली नाही. येणारी प्रत्येक बाई दारातच हळू आवाजात विचारायची, "काय म्हणतेत आज?" यांच्याबद्दल. मी सांगायचे. मग ती मान हलवायची, विशूच्या गालाला हात लावायची आणि जायची. दिवसभर दारात माणसं असायची, आणि विशू झोपली की मी स्वयंपाकघरात जाऊन थंड स्टोव्हच्या बर्नरला बोट लावून बसायचे, कुणीतरी माझं नाव घेऊन काही विचारेल म्हणून, जणू बाहेर कुणी उभंच आहे.

यांचे मोठे भाऊ ताराचंद सानगडीहून आले ते एक दिवस राहून, सगळं पाहून, ठरवून गेले. भाऊजी वाईट नव्हते. यांना अंगाखांद्यावर खेळवलेलं त्यांनी. "इतवारी येतो अन् नेतो याले," ओट्यावर बसून मला म्हणाले. "आपल्याकडं एक बाबा आहे, जंगलाच्या कडेले बसते. माणूस ठेवून घेते. सुरवातीले बांधते, पण थंड होते माणूस." मी म्हटलं, "डॉक्टर नागपूरले म्हणतेत." "पागलखान्यात घातला तर मंग कारखाना घेईन का याले परत? अन् हा येईन तुयासंग? आला का आतापर्यंत?" मी विशूला जवळ ओढलं. "पोरगी आमच्याकडं राह्यन. तू चार-सहा महिने मायेराले जाय. काळीज घट्ट कर." जाताना त्यांनी यांच्या मनगटांकडे पाहिलं, दोरीचं माप घेतल्यासारखं, किंवा ते मलाच वाटलं असेल. तेव्हापासून मी रविवारपर्यंतचे दिवस मोजत होते. यांनी आपल्या पायांनी नागपूरची बस धरली तर हे माझे, नाहीतर बाबाच्या खुंट्याचे. आणि एवढी साधी गोष्ट मी यांना सांगू शकत नव्हते, कारण यांच्याशी कशावरही बोलायला गेलं की वाट त्या गवतात पडलेल्या पेटीपाशीच जायची.

शुक्रवारची दुपार होती. हे उंबरठ्यावर बसले होते, बाहेर पाहत. मी विशूची फडकी वाळत घालत होते. "ललिता," यांनी हाक मारली. नावाने, कित्येक दिवसांनी. मी फडकं हातातच धरून आले. चेहरा मोकळा दिसला, दाढी वाढलेली, पण डोळ्यांत माणूस होता. "चिंधूच्या कानावर बिडी नसते आता," म्हणाले. "पाह्यलं का तू?" मी समोरच्या पायरीकडे पाहिलं. "निर्मलाबाई सिगडी बाहेर आणत नाही. बेबीबाई दार लावून रांधते. काल एक पोट्टं फटाकडी वाजवाले गेलं तर त्याच्या मायनं थोबाडीत देल्ली." आणि हे हसले. सावकाश, खोल, पूर्वी पगाराच्या दिवशी हसायचे तसे. "सगळ्यायले समजलं."

"काय समजलं?"

"मले समजलं तेच. नाहीतर लपवतीन कायले? ज्याच्यात भेव नाही ते कोणी लपवते का?" यांनी हात पुढे केला आणि माझ्या हातातलं ओलं फडकं बाजूला ठेवून बोटं धरली. "मले वाटे, मी एकटाच आहो." मग विशूला उचललं. तिच्या मुठी हुंगल्या नाहीत, झबलं चाचपलं नाही; नुसतं मांडीवर घेतलं आणि तिच्या टाळूवर हनुवटी टेकवून बसले. ती यांची दाढी ओढत होती. वाऱ्यावर फडकी हलत होती. लग्नानंतरच्या सगळ्या दुपारी एकत्र करून कुणी त्यातली एक निवडायला सांगितली असती तर मी ती निवडली असती, इतकी ती दुपार गोड होती. आणि मी तिच्यात उभी राहून आतून गार पडत होते. आम्हीच सांगितलं होतं यांना. बोलून नाही. लपवून. लाईनीतल्या प्रत्येक घराने, मायेने, रोज, सकाळ-संध्याकाळ यांना साक्ष दिली होती, की तू म्हणतोस ते खरं आहे. आणि या साक्षीच्या जोरावर हे आता त्या भीतीत घर करून, दार लावून, आरामात राहायला निघाले होते. तिथून यांना कुणी उठवलं नसतं. नागपूरच्या डॉक्टरने नाही, बाबाच्या दोरीने नाही.

माझी बोटं अजून यांच्या हातात होती. ती सोडवून घ्यायला मला किती वेळ लागला कोण जाणे.

शनिवारी नळावर सगळ्या होत्या. मी घागर न लावता उभी राहिले आणि म्हटलं, "उद्या सकाळी सिगड्या पुढं पेटवा. पहिल्यासारख्या." कुणाला कळेना. मी पुन्हा म्हटलं. बेबीबाईने नळ बंद केला. "तुयं डोकं ठिकाणावर आहे ना बाई? का दोघायचंबी गेलं?" "तुमी लपवता म्हणून त्यायले खरं वाटते," मी सांगायला लागले, पण माझे शब्द पाण्यासारखे इकडेतिकडे गेले. "म्हणजे आमीच केलं म्हणते हे," बेबीबाई म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "चादरी बांधून बांधून डोळे फुटले आमचे धुरानं. माया माणूस टाकीमागं साप निघते तिथं जाऊन उभा राह्यते. अन् हे फळ." दुसरी कुणीतरी म्हणाली, "बाई, त्यायनं पेटती सिगडी उचलून फेकली तर? लेकरं असतेत बाहेर." तिसरी म्हणाली, "डॉक्टरनं सांगतलं का असं कराले?" "नाही," मी म्हटलं. "मग?" मग काय ते मलाही ठाऊक नव्हतं. ज्यांचा भात खाल्ला त्यांना मी सांगत होते, तुमची माया आवरा. असं सांगणाऱ्या बाईजवळ कुणी उभं राहत नाही. मी पाहिलं, माझ्याभोवती ओली फरशी मोकळी होत गेली. "अन् एक," मी म्हटलं, कारण आता थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. "आमच्याकडं पाहू नका. यायनं काही केलं तरी पाहू नका. रोजचं जसं असते तसं करा." निर्मलाबाई पुढे झाल्या. त्यांनी घागर काखेला घेतली. "मी पेटवीन," एवढंच म्हणाल्या, कुणाकडे न पाहता. बेबीबाईने माझ्याकडे पाठ करून नळ सोडला.

रविवारी मी लवकर विशूला आंघोळ घातली. थंड पाण्याने, ती रडली नाही, तिला सवय झाली होती. मग दार उघडून आत येऊन बसले. पहिला धूर निर्मलाबाईंच्या दारातून आला, दगडी कोळशाचा, पिवळट, जमिनीला धरून सरपटणारा. यांनी मान वर केली. मग पलीकडून दुसरा. मग तिसरा. मी भिंतीकडे पाहत होते. बेबीबाईचं दार वाजलं, सिगडी ओट्यावर आदळल्याचा आवाज आला, गरजेपेक्षा मोठा, आणि पाठोपाठ तिचा आवाज, तोही मोठा, "आज मेथी आणली वो, पाह्यली का, नुसती माती." "धुवा मंग," कुणीतरी म्हणालं. "धुवून धुवून पानं नाही उरत," बेबीबाई. लाईन बोलत होती. हे उठले. मोरीतली भरलेली बादली उचलली आणि बाहेर गेले. मी विशूला छातीशी धरून उंबरठ्यापर्यंत आले आणि तिथे थांबले. मीच सर्वांना पाहू नका म्हटलं होतं, पण मला पाहणं भाग होतं.

धुरात सगळ्या बायका वाकून बसल्या होत्या. हे बादली घेऊन लाईनीच्या मधोमध उभे. समोर पायरीवर चिंधूभाऊ बसले होते. त्यांनी आगपेटी काढली, काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली. या वेळी बिडी पेटली, आणि त्यांनी धूर सोडून वर पाहिलं. "ये जागेश्वर. बस."

हे त्यांच्यासमोर गेले. बादलीतलं पाणी हिंदकळून पायावर सांडलं. "चिंधू, तुले भेव नाही वाटत?"

"कायचं?"

"कायचं म्हणजे."

"नाही बा," चिंधूभाऊ म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "बायकोचं वाटते. ते मेथी साफ कराले लावन आता."

कुणी हसलं नाही. पण कुणी हात थांबवले नाहीत. पानं निवडत होत्या, राख चाळत होत्या. हे एकेका सिगडीकडे पाहत गेले. निर्मलाबाईंकडे, बेबीबाईकडे, टोकापर्यंत, मग उलट परत. प्रत्येक चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते, आणि ते मिळत नव्हतं. मी यांचा चेहरा पाहत होते. शुक्रवारी तिथे जो माणूस येऊन बसला होता, तो त्या प्रत्येक चेहऱ्यापाशी थोडा थोडा कमी होत होता. यांनी बादली खाली ठेवली. परत आले. उंबरठ्यावर माझ्या पायाशी बसले आणि हाताचे तळवे उलटून पाहिले.

"म्हणजे मलेच," म्हणाले. "मले एकट्यालेच दिसते ते."

मी म्हणायला हवं होतं, मी आहे ना. बाया असंच म्हणतात. पण मी तिथे नव्हते. जिथे ते दिसतं तिथे मी कधीच नव्हते, आणि आता लाईनही नव्हती. तेवढी एक सोबत होती यांना, ती मी आज सगळ्यांच्या देखत काढून घेतली होती. विशू खाली वाकून यांच्या केसांशी खेळत होती. मी खाली बसले. खांद्याला खांदा लागला, एवढंच.

"नागपूरची बस केव्हा आहे?" यांनी विचारलं.

मी पिशवी आधीच भरून ठेवली होती हे यांना दिसू नये म्हणून उगाच इकडचं तिकडे केलं. आम्ही निघालो. लाईनीतून जाताना एकाही बाईने मान वर केली नाही. मी सांगितलं होतं तसंच. बेबीबाईच्या ओट्यापुढून गेले तेव्हा तिचे हात मेथीत होते आणि देठ नि पानं ती एकाच ढिगात टाकत होती. मला वाटलं तिने एकदा पाहावं. नाही पाहिलं. आमच्या मागे बोलणं तसंच चालू राहिलं, भाज्यांचं, भावांचं, जणू या लाईनीत आम्ही कधी राहतच नव्हतो.

थांब्यावर भंडाऱ्याकडून आलेल्या गाडीतून भाऊजी उतरले, खांद्यावर घोंगडं, हातात पिशवी. पिशवीत काय होतं मी पाहिलं नाही. "कुठं?" त्यांनी मला विचारलं. उत्तर यांनी दिलं, "नागपूरले जातो, भाऊ. डॉक्टरकडं." भाऊजींचं तोंड उघडं राहिलं. "मी येऊ?" यांनी क्षणभर विचार केला. "नको. तू उन्हाचा आला. लाईनीत जाय, चिंधूकडं चहा घे. सिगडी पेटली आहे त्याची." शेवटचं वाक्य यांनी थांबत थांबत पुरं केलं. भाऊजी घोंगडं सावरत उभे राहिले. मी त्यांच्या पाया पडायचं विसरले.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. हे आत बसले, विशूला मांडीवर घेतलं, मी कडेला. जवाहरनगर मागे गेलं, दोन्ही बाजूंना धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्या, कुठे कुठे कापलेल्या धानाचे रचलेले पुंजणे. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने बिडी ओठांत धरली, धोतराच्या गाठीतून आगपेटी काढली आणि काडी ओढली. पेटतानाचा तो छोटासा आवाज मला किती दिवसांनी इतक्या जवळून ऐकू आला. यांनी डोळे मिटले. विशूचे दोन्ही पाय मुठीत घट्ट धरले. मी उठायच्या तयारीत होते, कंडक्टरला हाक मारायच्या. म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं. "धूर लागून राहिला का, बाबू?"

"लागून राहिला," हे डोळे न उघडता म्हणाले. "पण प्या तुमी." आणि विशूचं तोंड आपल्या छातीकडे वळवून घेतलं.